पावडर भरलेली नळी ओढताना तुटली, तर दोष भरणाऱ्याचा की ओढणाऱ्याचा?

भोसरीचा_ड्रॉबेंच

नमस्कार मंडळी. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा नळ्या ओढण्याचा छोटा कारखाना आहे. पोकळ नळी डायमधून, म्हणजे ठरावीक भोकाच्या कठीण साच्यातून, ओढायची, मधून मधून भट्टीत घालून मऊ करायची आणि गिऱ्हाइकाला हवा तो व्यास काढून द्यायचा, हे काम आम्ही वर्षानुवर्षे करत आहोत आणि त्यात आमच्या माणसांचा हात चांगला बसलेला आहे. अलीकडे मात्र एका गिऱ्हाइकाकडून वेगळे काम येऊ लागले आहे. ते 304 स्टेनलेस स्टीलच्या नळीत दोन तारा आणि मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर भरतात, दोन्ही टोके बंद करून ती नळी आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही ती 12 मिलिमीटरवरून 2 मिलिमीटरपर्यंत ओढून द्यायची असते.

सुरुवातीचे पास (डायमधून एकदा ओढणे म्हणजे एक पास) विनातक्रार पार पडतात. साधारण 4 मिलिमीटरच्या खाली आल्यावर मात्र काही नळ्या मध्येच तुटतात. ज्या तुटत नाहीत, त्यांच्यातल्या काहींच्या एक्स-रे चित्रात आतल्या तारा कुठे जाड, कुठे बारीक अशा मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. असा माल गिऱ्हाईक परत पाठवते.

गिऱ्हाइकाचे म्हणणे असे की आमचा डायचा क्रम चुकीचा आहे आणि आम्ही एका पासमध्ये फार मोठी घट करतो. आमच्या जुन्या फोरमनचे मत नेमके उलट आहे. नळी आत जशी भरली असेल तशीच ती बाहेर येणार, डाय काही आतली पोकळी भरून देत नाही, असे ते ठामपणे सांगतात. पोकळ नळीचा आमचा अनुभव इथे कितपत लागू पडतो, हे मला समजून घ्यायचे आहे. या विषयात प्रत्यक्ष काम केलेल्या सभासदांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त_धातुविद

प्रश्न फार चांगला मांडला आहे. उत्तर देण्यापूर्वी आत नेमके काय घडते ते सांगतो, कारण पोकळ नळी आणि भरलेली नळी यांच्यातला मूळ फरक तिथेच आहे.

भरलेल्या नळीत सुरुवातीला पावडरचे कण सैल असतात आणि त्यांच्यामध्ये भरपूर पोकळी असते. पहिल्या काही पासमध्ये बाहेरचा व्यास कमी होतो, पण त्यातली बरीचशी घट ही पोकळी मिटवण्यात खर्च होते. कण एकमेकांवरून घसरतात, त्यांचे कोपरे तुटतात आणि बारीक झालेले तुकडे उरलेल्या फटींत जाऊन बसतात. एका मर्यादेनंतर पावडर आणखी दबत नाही आणि गाभा कवचाबरोबर लांब होऊ लागतो. दाबाखाली तो घन पदार्थासारखा वागतो, परंतु ओढ सहन करण्याची ताकद त्याच्यात जवळजवळ नसते. त्यामुळे डायमधून नळी बाहेर खेचताना जो ताण पडतो तो मुख्यत्वे धातूच्या कवचावर पडतो. भरीव सळईत तोच ताण पूर्ण छेदावर वाटला जातो. म्हणून भरलेल्या नळीला प्रत्येक पासमध्ये भरीव सळईपेक्षा हलकी घट द्यावी लागते, आणि या मुद्द्यावर तुमच्या गिऱ्हाइकाचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

12 वरून 2 मिलिमीटरवर येताना छेदाचे क्षेत्रफळ 36 पट कमी होते. प्रत्येक पासला क्षेत्रफळात 15 टक्के घट धरली तर 22 पास लागतात, आणि 20 टक्के धरली तर 16. तुम्ही या दोहोंपैकी कोणत्या बाजूला आहात आणि मधली ॲनीलिंग, म्हणजे भट्टीत मऊ करणे, किती पासनंतर करता, ते कळवावे.

एक साधी तपासणी आजच करता येईल. 304 स्टील मऊ अवस्थेत चुंबकाला जवळजवळ धरत नाही, पण थंड अवस्थेत ओढत गेल्यावर त्याच्या रचनेचा काही भाग मार्टेन्साइट या कठीण, चुंबकीय रूपात बदलतो आणि चुंबक चिकटू लागतो. सुमारे 1050 अंश सेल्सिअसला नीट ॲनील होऊन झटपट थंड झालेली नळी पुन्हा चुंबक सोडून देते. भट्टीतून निघालेल्या नळीवर टोकापासून टोकापर्यंत चुंबक फिरवून पाहा. मध्येच कुठे तो ओढला जात असेल, तर तिथपर्यंत उष्णता पोचलेली नाही आणि पुढच्या पासला नळी तिथेच तुटण्याची शक्यता अधिक.

हीटरवाला_चिंचवड

आमच्याकडे नळीचे हीटर बनतात, म्हणजे गिझर आणि इस्त्रीत असतात ते. मध्ये निक्रोमच्या तारेचे वेटोळे, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइड आणि बाहेर धातूची नळी, अशी त्यांची रचना असते. या अनुभवावरून माझे मत असे आहे की भरलेल्या नळीची घट ओढून करूच नये, ती रोलमधून करावी.

आम्ही नळी उभी करून, सतत थरथर देत, वरून पावडर सोडतो. वितळवून थंड केलेल्या आणि मग दळलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडचे जाड-बारीक दाणे ठरावीक प्रमाणात मिसळलेले असतात, म्हणजे जाड दाण्यांमधल्या फटी बारीक दाण्यांनी भरतात. एवढे करूनही भरताना घनता दर घन सेंटिमीटरला 2.3 ते 2.4 ग्रॅमच्या आसपास राहते. अखंड मॅग्नेशियम ऑक्साइडची घनता 3.58 आहे, म्हणजे नळीत तिसरा हिस्सा अजून हवाच असते. नंतर रोलच्या जोड्यांमधून नळी गेली की घनता 3 च्या वर जाते, आणि तेव्हा कुठे ती पावडर तारेची उष्णता बाहेर नेण्याच्या लायकीची होते. पावडर सैल राहिली तर उष्णता बाहेर जात नाही, तार आतल्या आत तापते आणि जळते.

रोल बाहेरून दाबतो, ओढत नाही, त्यामुळे कवचावर ताण फारसा येत नाही. भोसरीकरांच्या नळीतही सुरुवातीची दाबणी रोलने किंवा स्वेजिंगने (चोहोबाजूंनी ठोके देऊन दाबण्याने) झाली असती, तर ड्रॉबेंचवरचे, म्हणजे नळी ओढण्याच्या यंत्रावरचे, निम्मे दुखणे कमी झाले असते, असे मला वाटते.

तपकीर_गल्ली

जुन्या गिझरचा जळालेला एलिमेंट कापला की आत पांढरी घट्ट पावडर निघते, ती हीच असावी. ग्राहक मला अनेकदा विचारतात की त्यात साधी वाळू भरली तर काय बिघडते. दुकानात एलिमेंट विकणाऱ्याला यांत्रिक बाजू ठाऊक नसते, म्हणून इथे विचारतो.

हीटरवाला_चिंचवड

@तपकीर_गल्ली, होय, ती हीच. वाळू वीजरोधक आहे, पण उष्णता वाहून नेण्यात मॅग्नेशियम ऑक्साइडच्या खूप मागे पडते. त्याच्याइतकी वीज अडवणारे आणि त्याच वेळी उष्णता इतकी चांगली वाहून नेणारे स्वस्त पदार्थ फार थोडे आहेत. शिवाय त्याचा द्रवणबिंदू 2800 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, त्यामुळे नळी वितळेल पण पावडर वितळणार नाही. त्याची एकच मोठी खोड म्हणजे ते हवेतले पाणी ओढून घेते. त्याबद्दल थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांनी तापमान मोजणारे साधन) बनवणाऱ्या कोणी तरी सविस्तर लिहावे.

तापमापक

मी लिहितो, कारण भोसरीकरांकडे येणारी नळी ही बहुधा थर्मोकपलचीच केबल आहे आणि माझे रोजचे काम तेच आहे.

हीटरवाल्यांचा रोलचा सल्ला हीटरसाठी योग्य आहे, परंतु या केबलला तो पुरेसा नाही. हीटरची नळी व्यासात थोडीशीच आकसते. थर्मोकपलची केबल मात्र 3 मिलिमीटर, दीड मिलिमीटर, कधी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आणावी लागते, आणि तेवढ्या बारीक मापाची लांबच लांब केबल ओढूनच काढावी लागते. म्हणून आम्ही सैल पावडर ओतत नाही. मॅग्नेशियम ऑक्साइडचे, दोन भोके असलेले, हलके दाबून भाजलेले मणी तारांवर ओवतो आणि ती माळ नळीत सरकवतो. पहिल्या पासमध्ये हे मणी चुरडले जातात आणि त्यांची पावडर होते. याचा फायदा असा की सुरुवातीची घनता नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी असते आणि तारा आपापल्या जागी राहतात. तारा मण्यांच्या माळेसारख्या दिसण्याचे जे वर्णन वर आले आहे, ते मला घनता कमी-जास्त असल्याचे लक्षण वाटते. जिथे पावडर घट्ट असते तिथे ती तारेला पकडून आपल्याबरोबर लांब करते, आणि जिथे सैल असते तिथे तार आधाराविना राहते.

दुसरा मुद्दा दाण्याच्या आकाराचा. 1 मिलिमीटरच्या केबलमध्ये तार आणि कवच यांच्यात राहणारे अंतर 0.1 मिलिमीटरच्या घरात असते. पावडरमध्ये न फुटलेला कठीण गोळा राहिला, तर तो मऊ तारेत रुततो आणि तारेला तिथेच खाच पडते. मोठ्या व्यासाला ही खाच दिसतही नाही.

आता ओलाव्याबद्दल. पुण्याच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हा आमच्यासाठी सर्वांत कठीण काळ असतो. केबल कापून टोक उघडे ठेवले, तर थोड्या वेळातच मेगरचा (वीजरोध मोजणाऱ्या उपकरणाचा) काटा खाली येऊ लागतो. पाणी शोषले गेल्यावर इलाज एकच असतो. टोकापासून मागे काही अंतरावर ज्योत धरायची आणि ती हळूहळू टोकाकडे आणायची, म्हणजे वाफ उघड्या तोंडातून बाहेर जाते. ज्योत टोकावरच धरली तर ओलावा आणखी आत ढकलला जातो. त्यानंतर लगेच टोक काचेने किंवा इपॉक्सीने बंद करायचे. मोजणीतही भान ठेवावे लागते. बारीक केबलमधले वीजरोधक अंतर इतके कमी असते की जाड केबलला लावतो तो 500 व्होल्टचा दाब दीड मिलिमीटर किंवा त्याहून बारीक केबलला लावू नये.

भोसरीकर, तुमच्या मजकुरात एक गोष्ट मला खटकली, ती म्हणजे दोन्ही टोके बंद असणे. आतली हवा जाणार कुठे?

वेल्डिंगप्रेमी

माझे क्षेत्र फ्लक्स (वेल्डचे हवेपासून रक्षण करणारी पावडर) भरलेल्या वेल्डिंग तारेचे आहे, आणि तिथला अनुभव या चर्चेला पूरक ठरेल असे वाटते. आमच्याकडे बहुतेक तारेत नळी भरलीच जात नाही. पोलादाची सपाट पट्टी रोलमधून जाताना इंग्रजी यू अक्षरासारखी वळते, त्या पन्हळीत वरून फ्लक्सची पावडर पडते, मग पट्टीच्या कडा एकमेकींवर येऊन नळी मिटते आणि ती ओढत 1.2 किंवा 1.6 मिलिमीटरपर्यंत आणली जाते. पावडर सलग पडत राहिल्यामुळे एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्याला सैल असा प्रश्न येत नाही, मात्र पट्टीचा वेग आणि पावडर पडण्याचा वेग यांचा मेळ बिघडला की तारेत रिकामे तुकडे तयार होतात आणि वेल्डिंग करताना आर्क तिथेच चाचपडतो. या तारेला शिवण असते, त्या शिवणीतून ओलावा आत शिरतो आणि वेल्डमध्ये हायड्रोजन जाऊन तडे पडू शकतात. म्हणूनच महत्त्वाच्या कामांना बिनशिवणीची तार वापरतात. ती मात्र तुमच्यासारखीच, बंद नळी पावडरने भरून आणि ओढून केलेली असते.

थोडक्यात, भरण्याची पद्धत बदलली की दोषाचे रूप बदलते, पण दोषाचे मूळ बहुतेक वेळा भरण्यातच सापडते. माझे मत फोरमनच्या बाजूने आहे.

निवृत्त_धातुविद

मत कोणाच्याही बाजूने असो, ते मोजून सिद्ध करता येते, आणि त्यासाठी मोजपट्टीखेरीज काही लागत नाही.

हिशेब सोपा व्हावा म्हणून मध्ये तारा नाहीत असे समजू. नळीचा बाहेरचा व्यास 12 आणि आतला 8 मिलिमीटर धरला, तर धातूचे क्षेत्रफळ 62.8 आणि पावडरचे 50.3 चौरस मिलिमीटर होते. ओढताना धातूचे आकारमान बदलत नाही. पावडर मात्र दबते. समजा ती भरताना अखंड पदार्थाच्या 50 टक्के घनतेची होती आणि शेवटी 80 टक्के झाली. म्हणजे तिने व्यापलेली जागा 50.3 वरून 31.4 या प्रमाणात उतरते. आता धातू आणि पावडर मिळून 94.2 होतात, आणि 2 मिलिमीटर व्यासाच्या छेदाचे क्षेत्रफळ आहे 3.14. त्यामुळे 1 मीटर नळीची लांबी 30 मीटर होईल. तीच नळी भरीव असती तर 36 मीटर झाली असती.

जे 6 मीटर कमी पडले ते म्हणजे मिटलेली पोकळी. याचा अर्थ, प्रत्येक पासनंतर लांबी आणि व्यास नोंदवत गेलात तर पावडर कोणत्या पासपर्यंत दबत होती आणि कुठे थांबली, हे नळी न कापता कळते. सारख्याच मापाच्या दोन नळ्या, त्याच डायमधून, वेगवेगळ्या लांबीच्या निघाल्या, तर त्या वेगवेगळ्या घनतेने भरलेल्या होत्या, आणि त्याची जबाबदारी ओढणाऱ्यावर टाकता येणार नाही.

आणखी एक परिणाम लक्षात घ्यावा. याच उदाहरणात सुरुवातीला छेदाचा 44 टक्के भाग पावडरचा होता, शेवटी तो 33 टक्के राहिला. गिऱ्हाइकाने शेवटच्या मापात कवच किती जाड हवे हे सांगितले असेल, तर सुरुवातीची नळी निवडताना हा फरक धरावाच लागतो.

आणि @तापमापक यांनी हवेचा मुद्दा अचूक पकडला आहे. वरच्याच आकड्यांनुसार पोकळीचे आकारमान पाव होते. हवा कुठूनच निसटली नाही, तर तिचा दाब चौपट होईल. ती नळी 1050 अंशांच्या भट्टीत गेली की तापमानामुळे तो आणखी सुमारे साडेचार पट वाढेल, म्हणजे सुरुवातीच्या सतरा-अठरा पट. त्यात पावडर ओली असेल तर वाफेची भर पडते ती वेगळीच. निकोप नळी हा दाब सहन करते, पण जिथे कवच आधीच पातळ झालेले आहे तिथे भट्टीत फुगा येतो.

शून्य_रोध

या धाग्यावर अतिवाहक तारांचा, म्हणजे अतिथंड अवस्थेत विनारोध वीज वाहणाऱ्या तारांचा, उल्लेख व्हायलाच हवा, कारण नळीत पावडर भरून ओढण्याच्या तंत्राचा सर्वांत मोठा पराक्रम तिथे घडलेला आहे.

निओबियम आणि कथिल यांचे संयुग अतिवाहक असते, पण ते इतके ठिसूळ असते की त्याची तार ओढणे अशक्य. 1961 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुंझलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. त्यांनी निओबियमच्या नळीत निओबियम आणि कथिल यांची पावडर भरली, नळी ओढून तार केली आणि ठिसूळ संयुग तयार करण्याची भाजणी त्यानंतर केली. त्या तारेने 8.8 टेस्ला चुंबकीय क्षेत्रात दर चौरस सेंटिमीटरला 1 लाख अँपिअरहून अधिक प्रवाह वाहून नेला. आधी आकार द्यायचा आणि मग पदार्थ घडवायचा, हा या पद्धतीचा गाभा आहे, आणि शक्तिशाली अतिवाहक चुंबकांचा मार्ग त्या प्रयोगाने खुला झाला.

2001 मध्ये जपानमध्ये अकिमित्सु यांच्या गटाने मॅग्नेशियम डायबोराइड 39 केल्विनला (सुमारे उणे 234 अंश सेल्सिअसला) अतिवाहक होते असे दाखवले, तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळांनी हीच पद्धत हाती घेतली. इथे दोन वाटा आहेत. एकीत तयार डायबोराइडची पावडर भरून ओढतात. दुसरीत मॅग्नेशियम आणि बोरॉन यांच्या पावडरचे मिश्रण भरतात, ओढतात आणि मग 600 ते 700 अंशांना भाजतात. दुसरी वाट सोपी वाटते, पण तयार झालेले संयुग मूळ दोन पदार्थांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी जागा घेते, त्यामुळे कितीही ठासून भरले तरी भाजणीनंतर गाभ्यात पोकळ्या राहतातच. शिवाय मॅग्नेशियम तांब्याशी संयोग पावते, म्हणून तांब्याचे कवच थेट लावता येत नाही, मध्ये निओबियमसारख्या धातूचा पडदा लागतो. बारीक मॅग्नेशियम सहज पेट घेते, त्यामुळे ही पावडर निष्क्रिय वायूच्या पेटीत हाताळतात. अशा तारांपासून केलेल्या 20 मीटर लांबीच्या केबलमधून 2014 मध्ये सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत 24 केल्विन तापमानाला 20 हजार अँपिअर प्रवाह नेऊन दाखवण्यात आला.

भोसरीकरांना दिसलेली मण्यांची माळ आमच्याकडेही कुप्रसिद्ध आहे. काही अतिवाहक तारांना चांदीचे कवच असते. ते कवच मऊ आणि आतला सिरॅमिक गाभा दाबून कठीण झालेला, अशी विजोड जोडी एकत्र ओढली की दोघांमधली सीमा लाटेसारखी होते. गाभा कुठे फुगतो, कुठे चिमटतो, आणि प्रवाह नेहमी सर्वांत चिमटलेल्या जागी अडतो. तेव्हा प्रश्न फक्त भरण्याचा किंवा फक्त ओढण्याचा नसतो. कवचाचा कठीणपणा आणि गाभ्याची घनता यांचा मेळ प्रत्येक टप्प्यावर राखावा लागतो.

जिज्ञासू_पाषाण

चांदी इतकी महाग असताना ती का वापरतात? आणि हीटर किंवा थर्मोकपलला तिचा काही उपयोग आहे का?

शून्य_रोध

बिस्मथयुक्त तांब्याच्या ऑक्साइडचे जे अतिवाहक आहेत, त्यांना भाजताना प्राणवायूची देवाणघेवाण करावी लागते. तापलेल्या चांदीतून प्राणवायू आरपार जातो आणि चांदी त्या ऑक्साइडशी संयोग पावत नाही. हे दोन्ही गुण असलेला दुसरा व्यवहार्य धातू नाही. याच कुटुंबातल्या 110 केल्विनला अतिवाहक होणाऱ्या पदार्थाचे कण अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे चपटे असतात, म्हणून ओढलेली गोल तार शेवटी रोलखाली दाबून तिची पट्टी करतात, म्हणजे पापुद्रे एका दिशेने निजतात. हीटर आणि थर्मोकपल यांना चांदीची गरज नाही.

हवेबद्दल वर जे लिहिले आहे त्याला आमच्या क्षेत्रातूनही दुजोरा मिळतो. याच कुटुंबातल्या गोल तारेत अडकलेला वायू भाजणीच्या वेळी बुडबुडे करून प्रवाहाचा मार्ग तोडतो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशी तार सुमारे 100 वातावरणांच्या दाबाखाली भाजली, तेव्हा बुडबुडे दबले आणि प्रवाह अनेक पटींनी वाढला.

भोसरीचा_ड्रॉबेंच

सर्वांचे मनापासून आभार. सुचवलेल्या तपासण्या केल्या आणि जे दिसले ते मांडतो.

चुंबकाच्या तपासणीत भट्टीतून निघालेल्या नळ्या पूर्ण लांबीत स्वच्छ निघाल्या. आमच्या पासमधली घट 15 टक्क्यांच्या जवळ आहे आणि ती तशीच ठेवली आहे. लांबीची नोंद मात्र बोलकी निघाली. एकाच खेपेत आलेल्या, एकाच मापाच्या नळ्या त्याच डायमधून गेल्यावर त्यांच्या लांबीत चांगलाच फरक पडला. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे एका नळीचे दोन्ही टोकांकडचे तुकडे कापून, घासून, पॉलिश करून भिंगाखाली पाहिले. एका तुकड्यात पांढरा गाभा रुंद आणि गच्च होता, तारांभोवती सगळीकडे सारखा. दुसऱ्या तुकड्यात तोच गाभा लहान, कवच जाड आणि एक तार कवचाच्या अगदी जवळ सरकलेली. सुई लावली तर पहिल्या तुकड्यातली पावडर हलत नव्हती, दुसऱ्यातली झडत होती. दोन्ही तुकडे एकाच नळीचे, त्याच डायमधून गेलेले.

गिऱ्हाइकाकडे चौकशी केली तेव्हा कळले की तिथे नळी उभी धरून पूर्ण पावडर एकदम ओततात आणि वरून सळईने ठासतात. हे तुकडे त्यांना दाखवले आहेत आणि ते मोकळेपणाने बोलायला तयार झाले आहेत. त्यांना नेमके काय बदलायला सांगावे, हे इथल्या जाणकारांनी सुचवावे.

तापमापक

दोन तुकड्यांचे वर्णन वाचून शंका उरली नाही. वरून ठासलेला दाब खालपर्यंत पोचत नाही, कारण पावडर नळीच्या भिंतीशी घासते आणि दाब वाटेतच भिंत खाऊन टाकते. वरचा भाग गच्च होतो, खालचा सैल राहतो. मण्यांची माळ वापरणे हा माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय आहे. ते शक्य नसेल तर पावडर थोडी थोडी टाकावी, प्रत्येक थर वेगळा ठासावा आणि तारा मध्यभागी धरणारा मार्गदर्शक वापरावा. भरण्याआधी पावडर भट्टीत पूर्ण वाळवावी आणि गरम असतानाच भरावी. एका टोकाला घट्ट बूच मारावे, दुसऱ्याला हवा जाईल पण पावडर सांडणार नाही असे सच्छिद्र बूच ठेवावे, आणि पावडर पुरती दबल्यावर ॲनीलिंगच्या आधी तेही बंद करावे.

हीटरवाला_चिंचवड

थरथर देऊन भरण्याची पद्धत मी तरीही सोडणार नाही, मात्र तिची एक अट आहे. थरथर गरजेपेक्षा जास्त वेळ दिली तर बारीक दाणे खाली जातात आणि जाड वर राहतात, आणि घनता पुन्हा असमान होते. भरलेली नळी टेंपोतून आडवी भोसरीपर्यंत येताना रस्त्यावरच्या हादऱ्यांनीही हेच घडू शकते, विशेषतः बूच सैल असेल तर. म्हणून भरल्यानंतर लगेच, भरणाऱ्याच्याच जागी, स्वेजिंगचा एक हलका हात देऊन पावडर बांधून घ्यावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

निवृत्त_धातुविद

हीटरवाल्यांचा स्वेजिंगचा सल्ला मला पूर्ण पटतो. स्वेजिंगमध्ये चोहोबाजूंनी दाब येतो, ओढ येत नाही, त्यामुळे पावडर दबण्याचा टप्पा तिथे संपवावा आणि लांबी वाढवण्याचे काम ड्रॉबेंचवर करावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, म्हणजे जबाबदारी कोणाची. तिच्यासाठी वाद घालण्यापेक्षा माल ताब्यात घेतानाच वजन करावे. रिकामी नळी आणि तारा यांचे वजन गिऱ्हाइकाने लिहून द्यावे आणि भरलेली नळी तुम्ही तोलावी. 8 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या 1 मीटर नळीत, तारा नाहीत असे धरल्यास, 50.3 घन सेंटिमीटर जागा असते. ती अखंड मॅग्नेशियम ऑक्साइडने भरली असती तर 180 ग्रॅम बसले असते. 90 ग्रॅम भरले असेल तर घनता निम्मी आहे, 120 च्या जवळ असेल तर भरणी हीटरवाल्यांच्या दर्जाची आहे. तारांनी व्यापलेली जागा यातून वजा करावी. हे सरासरी वजन झाले. दोन टोकांतला फरक त्यातून कळत नाही, म्हणून प्रत्येक खेपेतल्या एका नळीचा भरल्यानंतरचा एक्स-रे, ओढण्यापूर्वी, गिऱ्हाइकाकडून मागून घ्यावा. किमान वजन आणि हा एक्स-रे या दोन्ही अटी खरेदी आदेशात लिहून घ्याव्यात. त्या अटी पाळलेली नळी तुटली तर ती तुमच्या डायवर, वंगणावर आणि भट्टीवर तपासावी, न पाळलेली नळी ड्रॉबेंचवर चढवूच नये.